सस्कॅचेवानचे तेवीस दिवस

कॅनडाच्या नकाशावर सस्कॅचेवान हा प्रांत ओळखण्यास वेळ लागत नाही. त्याच्या सीमा पट्टी धरून आखल्यासारख्या आहेत. नदी, डोंगर किंवा समुद्रकिनारा ह्यांपैकी कशाचाही त्यांना आधार नाही. क्षेत्रफळाने हा प्रांत आजच्या महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठा. परंतु १९६१ साली तेथील लोकवस्ती जेमतेम सव्वानऊ लाख होती. उत्तरेस अरण्ये आणि सरोवरे, दक्षिणेस क्षितिजापर्यंत पसरलेली गव्हाची शेते, आणि वर्षाकाठी पाच महिने बर्फ असे त्याचे स्वरूप. जगाच्या राजकारणात ज्याचे नाव क्वचितच निघावे अशा ह्या प्रांताकडे १९६२ च्या जुलै महिन्यात देशोदेशींचे वार्ताहर धावून गेले. १ जुलै हा कॅनडाचा राष्ट्रदिन. त्या दिवशी तेथील बहुसंख्य डॉक्टरांनी आपल्या दवाखान्यांना कुलपे लावली, आणि ती तेवीस दिवस निघाली नाहीत.

ह्या घटनेची हकीकत साधारणपणे अशी सांगितली जाते, की एका समाजवादी सरकारने आरोग्यविमा सक्तीचा केला आणि स्वातंत्र्यप्रिय डॉक्टरांनी त्याविरुद्ध संप पुकारला. ही हकीकत खोटी नाही. पण ती अपुरी आहे. आजाराचा खर्च एकट्या आजाऱ्यावर पडू नये, तो सर्वांनी थोडाथोडा आधीच भरून ठेवावा, ही गोष्ट १९६२ पर्यंत दोन्ही पक्षांना मान्य होऊन चुकली होती. वाद होता तो निराळ्याच मुद्द्यावर. भरून ठेवलेला पैसा कोणाच्या तिजोरीत असावा आणि त्या तिजोरीची किल्ली कोणाच्या कमरेला असावी, हा तो मुद्दा होय. लोकांनी निवडलेल्या सरकारने ती किल्ली हाती घ्यावी, की डॉक्टरांनीच स्थापन केलेल्या विमासंस्थांकडे ती राहू द्यावी? जे लढले गेले ते एवढ्यासाठीच.

आणि ह्या लढ्याची मुळे कोणत्याही पक्षाच्या जाहीरनाम्यात नव्हती. ती शोधण्यासाठी पहिल्या महायुद्धाच्या आरंभकाळात जावे लागते. नव्याने वसलेल्या त्या गवताळ मैदानात एका शेतकऱ्याचे घर दुसऱ्यापासून मैल-दीड मैल दूर असे. डॉक्टर हिवाळ्यात घोड्यांच्या घसरगाडीतून वीस-वीस मैल जाई, आणि पीक बुडाले की त्याचे बिलही बुडे. पिकावर जगणाऱ्या गावात डॉक्टरही शेवटी पिकावरच जगत होता. सार्निया नावाच्या एका ग्रामीण नगरपालिकेतील डॉक्टर ह्याच कारणाने गाव सोडण्याच्या बेतात असता, तेथील पंचांनी त्याला दरसाल १५०० डॉलर देऊ करून थांबवून घेतले. हा पैसा शेतसाऱ्याबरोबर गोळा केलेल्या करातून यायचा होता. गंमत अशी, की डॉक्टरला पगार देण्याचा अधिकार नगरपालिकांना कायद्याने मुळी दिलेलाच नव्हता. पंचांनी आधी डॉक्टर ठेवला. कायदा मागाहून, १९१६ साली, दुरुस्त झाला. पुढील तीस वर्षांत शंभरावर ग्रामीण नगरपालिकांनी हाच मार्ग धरला. अनेक गावे एकत्र येऊन रुग्णालय बांधू लागली. १९२९ पासून क्षयरोगावरील उपचार प्रांतातील सर्वांना विनामूल्य झाले. ज्या लोकांनी गव्हाची विक्री सहकारी तत्त्वावर करण्यास शिकून घेतले होते, त्यांना डॉक्टरही सामायिक ठेवता येतो हे कोणी व्याख्यान देऊन पटवावे लागले नाही.

१९३० नंतरच्या दशकात मंदी आणि अवर्षण ही दोन्ही संकटे एकदम कोसळली. मातीची वादळे उठली, गव्हाचा भाव कवडीमोल झाला, आणि डॉक्टरांना फीऐवजी कोंबड्या, बटाटे किंवा सरपण घेऊन घरी परतावे लागले. कित्येक ठिकाणी सरकारने दुष्काळी मदतीतून दरमहा काही रक्कम दिली म्हणून ते गावात टिकून राहिले. त्या दिवसांत सरकारी विम्याची मागणी खुद्द डॉक्टरांमधूनच होत होती; १९४३ साली कॅनडाच्या वैद्यक संघटनेने आरोग्यविम्याच्या तत्त्वाला रीतसर मान्यताही दिली. हा इतिहास पुढे सोयीस्करपणे विसरला गेला. महायुद्धानंतर गव्हाला भाव आला, लोकांच्या हाती पैसा खेळू लागला, आणि डॉक्टरांनी स्वतःच्या नियंत्रणाखाली सॅस्कटून आणि रिजायना ह्या दोन शहरांत ऐच्छिक विम्याच्या संस्था उभारल्या. ज्याला हप्ता परवडेल त्याने तो भरावा. संस्था डॉक्टरचे बिल चुकते करील. बिले वसूल होऊ लागली, फीचा दर ठरवणेही आपल्याच हाती राहिले. मग सरकारची गरज ती काय उरली?

ह्याच सुमारास टॉमी डग्लस हे नाव पुढे येते. स्कॉटलंडमध्ये १९०४ साली जन्मलेला हा मुलगा लहानपणी कॅनडात आला. त्याच्या पायाच्या हाडाला विकार जडला होता, आणि घरच्या गरिबीमुळे विनिपेगच्या रुग्णालयात धर्मार्थ खाटेवर पडून असता पाय कापावा लागणार असे त्याच्या आईवडिलांना सांगण्यात आले. योगायोगाने एका नामांकित शल्यचिकित्सकाचे लक्ष त्याच्याकडे गेले. विद्यार्थ्यांना शस्त्रक्रिया पाहू द्यावी एवढ्या अटीवर त्याने फी न घेता उपचार केले आणि पाय वाचवला. डग्लस ही हकीकत पुढे जन्मभर सांगत, आणि तिच्यातून निघणारे त्यांचे अनुमान कृतज्ञतेपाशी थांबत नसे. श्रीमंताच्या मुलाचा पाय जो वाचवतो तो शल्यचिकित्सक आपल्याला केवळ दैवाने भेटला, तो हक्काने का भेटू नये, असा त्यांचा सवाल असे. बॅप्टिस्ट पंथाचे धर्मोपदेशक म्हणून वेबर्न गावात मंदीची वर्षे काढल्यावर ते राजकारणात पडले. आणि १९४४ च्या जूनमध्ये त्यांच्या सहकारवादी पक्षाने ४७ जागा जिंकून प्रांताची सत्ता हाती घेतली. मुख्यमंत्री झाल्यावर आरोग्यखाते त्यांनी स्वतःकडेच ठेवले.

पहिली गोष्ट त्यांनी केली ती ही, की जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील वैद्यकेतिहासाचे प्राध्यापक हेन्री सिगरिस्ट ह्यांना प्रांताची पाहणी करण्यास बोलावले. काही आठवडे गावोगाव हिंडून सिगरिस्ट ह्यांनी ऑक्टोबर १९४४ मध्ये अहवाल दिला. भारतीय श्रोत्यांच्या दृष्टीने लक्षणीय अशी गोष्ट पुढेच आहे. त्याच वर्षाच्या अखेरीस हेच सिगरिस्ट भारतात आले. नाशिक येथे जन्मलेले आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेले सर जोसेफ भोर ह्यांच्या अध्यक्षतेखाली भारताच्या आरोग्यव्यवस्थेचा आराखडा तयार होत होता. त्या समितीने ज्या परदेशी तज्ज्ञांचा सल्ला घेतला त्यांत सिगरिस्ट हे एक होते. पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणीही उपचारांवाचून राहू नये, हे तत्त्व भोर समितीच्या १९४६ च्या अहवालात अग्रभागी आहे. भारतात त्या आराखड्याचा मोठा भाग कागदावरच राहिला. सस्कॅचेवानात मात्र सिगरिस्टांच्या शिफारशींपैकी बऱ्याच गोष्टी दोन-तीन वर्षांत प्रत्यक्षात उतरल्या. देश भिन्न, ऐपत भिन्न, हे खरेच. तथापि सार्नियासारख्या पंचांनी तीस वर्षे आधी नांगरून ठेवलेली जमीन तेथे तयार होती, हेही तितकेच खरे.

१ जानेवारी १९४७ पासून प्रांतातील प्रत्येक रहिवाशाला रुग्णालयातील उपचारांचा विमा मिळाला. वर्षाचा हप्ता माणशी ५ डॉलर, आणि कुटुंब कितीही मोठे असले तरी ३० डॉलरांहून अधिक नाही. त्याआधी सहा महिने स्विफ्ट करंट ह्या नैर्ऋत्येकडील विभागातील लोकांनी तर डॉक्टरची फीही सामायिक निधीतून देण्यास प्रारंभ केला होता, आणि तेथील डॉक्टर ह्या व्यवस्थेत सुखाने काम करीत होते. परंतु सबंध प्रांतात तसे करण्याइतका पैसा डग्लस ह्यांच्याजवळ नव्हता. तो १९५८ साली आला. कॅनडाच्या मध्यवर्ती सरकारने रुग्णालयीन विम्याचा सुमारे अर्धा खर्च उचलण्याचे मान्य केले, आणि सस्कॅचेवानच्या तिजोरीत एकाएकी मोकळीक झाली. १६ डिसेंबर १९५९ रोजी डग्लस ह्यांनी रेडिओवरून भाषण करून आपला बेत जाहीर केला. विमा सर्वांना मिळेल, पैसे आधी भरले जातील, उपचारांचा दर्जा उत्तम राहील, कारभार सार्वजनिक संस्थेकडे असेल आणि योजना देणाऱ्यांना व घेणाऱ्यांना दोघांनाही पसंत पडेल अशीच असेल, असे त्यांनी सांगितले. ह्यांतील शेवटच्या कलमाने पुढे सरकारची फार अडचण केली. पसंत पडणे म्हणजे नकाराचा अधिकार असणे, असा त्याचा अर्थ डॉक्टरांनी लावला.

येथे डॉक्टरांच्या संघटनेची रचना समजावून घेणे अवश्य आहे. तिचे नाव कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्स. कॉलेज हा शब्द ऐकताच शिकवणारी संस्था डोळ्यांपुढे येते. पण हे कॉलेज तसे नव्हते. प्रांतात वैद्यकीय व्यवसाय कोणी करावा ह्याचा परवाना देणारी ती कायद्याने निर्मिलेली संस्था होती. आणि त्याच वेळी डॉक्टरांच्या हितसंबंधांसाठी भांडणारी संघटनाही तीच होती. आपल्याकडची वैद्यक परिषद आणि डॉक्टरांची असोसिएशन ही दोन्ही एकाच खुर्चीवर बसल्यास जे होईल ते तेथे झाले होते. विमासंस्थांवरही ह्याच मंडळींचे वर्चस्व होते. म्हणजे कायद्याने एका व्यवसायाला सार्वजनिक हितासाठी जे अधिकार बहाल केले, त्यांचेच बळ घेऊन तो व्यवसाय कायदा करणाऱ्यांसमोर उभा राहिला. कारखानदारांनी किंवा तेलकंपन्यांनी सरकारवर दडपण आणल्याच्या हकीकती पुष्कळ आहेत. परंतु ज्याच्या हाती माणसाचा जीव असतो आणि ज्याच्यावर माणसाचा सर्वाधिक विश्वास असतो अशा व्यवसायाने तसे दडपण आणले म्हणजे ते दडपण आहे हेच लोकांच्या चटकन ध्यानी येत नाही.

डॉक्टरांची प्रतियोजना वरवर पाहता समंजस होती. ज्यांना परवडते ते आमच्या संस्थांत हप्ता भरतातच. ज्यांना परवडत नाही त्यांचा हप्ता सरकारने आम्हांला द्यावा, म्हणजे झाले. पण ह्याचा अर्थ असा, की गरिबाने आधी आपल्या गरिबीचा दाखला द्यायचा, सरकारने पैसा पुरवायचा आणि तो कसा खर्च व्हावा हे संस्थांनी ठरवायचे. शिवाय वृद्ध आणि दीर्घकाळचे रोगी ह्यांचा भार सरकारवर आणि धडधाकट मिळवते लोक संस्थांकडे, अशी वाटणी होण्याचा संभवही होताच.

प्रचाराची रीत मात्र सस्कॅचेवानच्या डॉक्टरांनी स्वतः शोधून काढली नव्हती. ती सीमेपलीकडून आली. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष ट्रूमन ह्यांनी १९४५ साली राष्ट्रीय आरोग्यविम्याची योजना काँग्रेसपुढे मांडली. १९४८ ची निवडणूक ते जिंकताच अमेरिकन मेडिकल असोसिएशनने आपल्या सभासदांवर दर डोई २५ डॉलरांची पट्टी बसवली आणि व्हिटेकर व बॅक्स्टर ह्या कॅलिफोर्नियातील पतिपत्नींच्या प्रचारसंस्थेला मोहीम सोपवली. गव्हर्नर अर्ल वॉरेन ह्यांची अशीच योजना त्यांनी १९४५ मध्ये कॅलिफोर्नियात हाणून पाडली होती. एकट्या १९४९ साली त्यांनी पंधरा लाखांवर डॉलर खर्च केले. बिलांचा आणि हप्त्यांचा हिशेब ह्या प्रश्नातून बाजूला काढायचा आणि त्याच्या जागी स्वातंत्र्य व दास्य हे शब्द आणून बसवायचे, एवढेच त्यांचे तंत्र होते. डॉक्टरांच्या प्रतीक्षालयांत चित्रे टांगली गेली, पत्रके वाटली गेली. ट्रूमन ह्यांची योजना बारगळली, आणि पासष्ट वर्षांवरील वृद्धांपुरता सरकारी विमा अमेरिकेत यावयास १९६५ साल उजाडले.

जून १९६० मध्ये सस्कॅचेवानात निवडणूक झाली तेव्हा कॉलेजने प्रत्येक डॉक्टरावर शंभर डॉलरांची पट्टी बसवली. कॅनडाच्या वैद्यक संघटनेनेही ३५,००० डॉलर धाडले. राजकीय पक्ष नसलेल्या संघटनेने निवडणुकीत एवढा पैसा ओतल्याचे त्या प्रांताला नवीनच होते. चांगले डॉक्टर निघून जातील, त्यांच्या जागी युरोपातील टाकाऊ डॉक्टर भरावे लागतील, रोग्याची गुपिते कारकुनांच्या हाती पडतील, असा प्रचार झाला. डॉक्टर रोग्याला तपासता तपासता राजकारणही समजावू लागले. ह्यांतील परकीय डॉक्टरांविषयीचे बोल विशेष अंगलट आले. कारण त्या प्रांतातील पुष्कळ शेतकरी स्वतःच युक्रेन, पोलंड आणि जर्मनी येथून आलेले होते. डग्लस ह्यांचा पक्ष ३७ जागा मिळवून विजयी झाला. परंतु मते त्याला शेकडा ४१ च्या आतच पडली होती, आणि बहुसंख्य मतदार योजनेच्या विरुद्ध आहेत असे म्हणण्यास डॉक्टरांना जागा राहिली.

सरकारचे वर्तन सर्वस्वी निर्दोष होते असे नाही. विचारविनिमयासाठी नेमलेली समिती दीड वर्ष खल करीत बसली आणि मग १९६१ च्या नोव्हेंबरात विधेयक घाईघाईने संमत झाले. ऐन वेळी डग्लस प्रांताचे मुख्यमंत्रिपद सोडून नव्या राष्ट्रीय पक्षाच्या नेतृत्वासाठी निघून गेले. योजना १ एप्रिल १९६२ ला सुरू व्हायची ती १ जुलैवर गेली. एप्रिलमध्ये केलेल्या एका दुरुस्तीने तर, रोग्याच्या वतीने न्यायालयात उभे राहण्याचा अधिकार आयोगाला दिला. डॉक्टरांना त्यात आपल्याला बळजबरीने योजनेत ओढण्याचा डाव दिसला, आणि त्यांना तसे वाटले तर नवल नव्हते. खऱ्या भीतीला कारण मिळाले की बनावट भीतीलाही बळ चढते.

हा सारा भार वुड्रो लॉइड ह्यांच्या खांद्यावर आला. हे गृहस्थ मूळचे शाळामास्तर. डग्लस ह्यांची विनोदबुद्धी किंवा वक्तृत्व त्यांच्याजवळ नव्हते. पुस्तके आणि आकडे ह्यांत रमणारा, मितभाषी असा हा माणूस होता. ३ मे १९६२ रोजी रिजायना येथे सुमारे सहाशे डॉक्टरांच्या सभेपुढे ते एकटे बोलावयास गेले. त्यांनी आपली बाजू शांतपणे मांडली. सभेने त्यांची हुर्यो उडवली. ह्या कायद्याखाली काम करण्यास कोणाचा नकार आहे असे अध्यक्षांनी विचारताच जवळजवळ सारे सभागृह उठून उभे राहिले. लॉइड तसेच व्यासपीठावर होते. त्याच महिन्यात त्यांचा एक मंत्री पक्ष सोडून विरोधकांना मिळाला. जूनच्या संसदीय निवडणुकीत रिजायनाच्या मतदारांनी खुद्द डग्लस ह्यांना पराभूत केले. पुष्कळांची अशी अटकळ होती, की आता सरकार नमेल.

सरकार नमले नाही, आणि १ जुलै उजाडला. कॉलेजने निवडक रुग्णालयांत तातडीच्या उपचारांची सोय ठेवली होती. बाकीचे डॉक्टर रजेवर गेले किंवा प्रांताबाहेर गेले. पहिल्याच दिवशी एका खेड्यातील आईवडील नऊ महिन्यांच्या तापलेल्या बाळाला मोटारीत घेऊन डॉक्टरच्या शोधात निघाले. वाटेतल्या गावांत डॉक्टर नव्हते. मोठ्या गावी पोचण्यापूर्वीच बाळ दगावले. मेंदूच्या आवरणाला सूज आणणारा तो रोग होता आणि डॉक्टर भेटता तरी बाळ वाचते काय, ह्याविषयी नंतर पुष्कळ वाद झाला. तो वाद वैद्यांचा. प्रांताच्या मनावर बसलेले चित्र बंद दारांचे होते. ब्रिटन आणि अन्य ठिकाणांहून सरकारने डॉक्टर विमानाने आणवले. ब्रिटनमध्ये १९४८ पासून राष्ट्रीय आरोग्यसेवा चालू असल्याने ह्या मंडळींना सरकारी पैशाचे भय वाटत नव्हते.

जुलैच्या ह्या दिवसांत प्रांत अक्षरशः दुभंगला. ‘आमचे डॉक्टर राखा’ अशा नावाच्या समित्या प्रथम काही गृहिणींच्या चिंतेतून निघाल्या. आपल्या मुलांचा ओळखीचा डॉक्टर निघून जाईल ही त्यांची भीती खरीखुरी होती. पण पाहता पाहता व्यापारी आणि विरोधी पक्षाचे पुढारी त्यांच्या अग्रभागी आले. प्रांतातील दोन्ही प्रमुख दैनिके एकाच घराण्याच्या मालकीची होती आणि दोन्ही सरकारवर तुटून पडत होती. एका धर्मोपदेशकाने रेडिओवरून रक्तपाताची भाषा केली. विधिमंडळाची खास बैठक भरवावी म्हणून विरोधी पक्षनेते रॉस थॅचर ह्यांनी सभागृहाच्या बंद दाराला लाथ मारली, आणि ते छायाचित्र सर्वत्र छापून आले. ११ जुलै रोजी रिजायना येथे विधिमंडळासमोर प्रचंड मेळावा भरणार अशी हाकाटी झाली. तीस-चाळीस हजार लोक येतील असा अंदाज होता. आले चार-पाच हजार. गव्हाच्या प्रांतातील शेतकरी त्या दिवशी बहुधा आपल्या शेतावर होता. चळवळीचा कणा त्याच दिवशी मोडला असे म्हणावयास हरकत नाही. प्रांताबाहेरील वृत्तपत्रांपैकी बऱ्याच जणांनी एव्हाना, कायदा नापसंत असला तरी डॉक्टरांनी कायद्याविरुद्ध संप करावा काय, असा प्रश्न विचारण्यास आरंभ केला होता.

दुसरीकडे निराळेच काही घडत होते. सॅस्कटून शहरात काही नागरिकांनी सहकारी दवाखाना काढला, आणि ३ जुलैला, म्हणजे संपाच्या तिसऱ्या दिवशी, तेथे रोगी तपासले जाऊ लागले. जोन व्हिटनी-मूर आणि मार्गारेट महूड ह्या दोन स्त्री-डॉक्टर तेथे प्रथम काम करू लागल्या. व्यवसायबंधूंनी त्यांना वाळीत टाकले. अशा दवाखान्यांतील डॉक्टरांना रुग्णालयांत आपले रोगी दाखल करू देण्याचेही कित्येक ठिकाणी नाकारले गेले. रिजायना आणि प्रिन्स अल्बर्ट येथेही असे दवाखाने निघाले. सॅस्कटूनचा तो दवाखाना साठ वर्षे उलटून गेल्यावरही चालू आहे. पंचांनी डॉक्टर ठेवण्याची जुनी रीत शहरात अशी पुन्हा उगवली.

कोंडी फोडली ती एका परक्या माणसाने. लॉर्ड स्टीफन टेलर हे इंग्लंडातील डॉक्टर, मजूर पक्षाचे आणि ब्रिटिश आरोग्यसेवेच्या उभारणीशी निकटचा संबंध असलेले. मध्यस्थीबद्दल त्यांनी फी मागितली नाही. सस्कॅचेवानच्या सरोवरांवर मासेमारीची एक सहल घडवावी, एवढीच त्यांची अट होती. दोन्ही पक्ष एकमेकांसमोर बसण्यास राजी नव्हते. तेव्हा टेलर सॅस्कटून शहरात एका इमारतीतून दुसरीत ये-जा करीत. डॉक्टरांवर डॉक्टर म्हणून रागावत आणि मंत्र्यांवर राजकारणी म्हणून. २३ जुलै रोजी करारावर सह्या झाल्या.

ह्या करारात कोणी काय मिळवले हे नीट पाहिले पाहिजे, कारण पुढील साठ वर्षांचा कॅनडा त्यात बीजरूपाने आहे. विमा सर्वांना आणि सक्तीचा, पैसा सार्वजनिक, हे सरकारचे मूळ तत्त्व अबाधित राहिले. परंतु डॉक्टर सरकारचे नोकर झाले नाहीत. ते आपल्या दवाखान्याचे धनी राहिले आणि प्रत्येक तपासणीगणिक फी घेण्याची जुनी पद्धती कायम राहिली. कॉलेजच्या दरपत्रकाच्या शेकडा ८५ रक्कम त्यांना मिळावयाची होती. पगारी डॉक्टर आणि आरोग्यकेंद्रे ह्यांवर उभी असलेली जी रचना सिगरिस्ट ह्यांच्या मनात होती, ती मागे पडली. डॉक्टरांच्या विमासंस्थाही राहिल्या, पण केवळ टपालघरासारख्या. डॉक्टरने त्यांच्याकडे बिल पाठवावे, त्यांनी आयोगाकडे, आणि पैसा उलट वाटेने परत यावा. हा द्राविडी प्राणायाम अब्रू राखण्यासाठी होता, आणि अब्रू राखली गेली म्हणूनच संप मिटला. मौजेची गोष्ट ही, की बिले बुडण्याचे थांबल्याने डॉक्टरांचे उत्पन्न कमी न होता वाढले.

लॉइड ह्यांना ह्याचे फळ मिळाले नाही. १९६४ च्या निवडणुकीत त्यांचा पक्ष हरला आणि दाराला लाथ मारणारे थॅचर मुख्यमंत्री झाले. योजना मोडण्याचे धाडस मात्र त्यांनाही झाले नाही. १९६८ मध्ये त्यांनी प्रत्येक भेटीगणिक दीड डॉलर रोग्याकडून घेण्याचा नियम केला. त्यामुळे गरीब कुटुंबांनी डॉक्टरकडे जाणे कमी केल्याचे पुढील संशोधनात आढळले, आणि १९७१ साली सरकार बदलताच तो नियम गेला. लॉइड १९७२ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या कामावर असताना कोरियात सोल येथे मरण पावले.

राष्ट्रीय पातळीवर जे घडले त्यात दैवाचा विनोद आहे. सस्कॅचेवानची लागण इतरत्र होऊ नये म्हणून कॅनडाच्या वैद्यक संघटनेनेच मध्यवर्ती सरकारकडे चौकशी आयोगाची मागणी केली होती. परंपरावादी पंतप्रधान डीफेनबेकर ह्यांनी १९६१ साली तो नेमला आणि अध्यक्षपदी आपले मित्र न्यायमूर्ती एमेट हॉल ह्यांना बसवले. ह्या आयोगाकडून ऐच्छिक विम्याची शिफारस येईल अशी डॉक्टरांची अपेक्षा होती. हॉल ह्यांनी गणित मांडून पाहिले. ऐच्छिक विम्याच्या मार्गाने जावयाचे तर देशातील फार मोठ्या संख्येच्या कुटुंबांची मिळकत तपासून त्यांना सरकारी मदत द्यावी लागेल, असे त्यांना दिसून आले. त्यापेक्षा सर्वांनाच सरकारी विमा देणे सोपे आणि स्वस्त, असा निर्वाळा त्यांनी १९६४ च्या अहवालात दिला. १९६६ च्या अखेरीस संसदेने कायदा केला तेव्हा विरुद्ध मते पडली फक्त दोन. १९७२ पर्यंत सर्व प्रांत योजनेत आले. पुढे काही डॉक्टर ठरलेल्या दरावर जादा रक्कम रोग्यांकडून घेऊ लागले; ती प्रथा १९८४ च्या कायद्याने मोडीत निघू लागली, आणि तिच्यासाठी ऑन्टॅरिओच्या डॉक्टरांनी १९८६ साली पंचवीस दिवसांचा संप करून पाहिला, तोही निष्फळ ठरला. खासगी शस्त्रक्रियागृहांच्या बाजूने ब्रिटिश कोलंबिया प्रांतात लढलेला दीर्घ खटलाही २०२० व २०२२ च्या निकालांत हरला, आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपील ऐकण्यास नकार दिला.

हॉल ह्यांच्या अहवालातील एक भाग मात्र अपुरा राहिला. औषधांचा खर्च आणि मुलांच्या दातांवरील उपचार हेही सार्वजनिक विम्यात घ्यावेत असे त्यांनी सुचवले होते. डॉक्टर आणि रुग्णालय ह्यांच्यासाठी कॅनडाच्या नागरिकाला खिशात हात घालावा लागत नाही, पण औषधाच्या दुकानात अनेकांना तो घालावा लागतो. तेथे नोकरीबरोबर मिळणारा खासगी विमा, विमाकंपन्या आणि औषधकंपन्या ह्यांचे राज्य राहिले. सर्व देशासाठी औषधविम्याचा पहिला कायदा ऑक्टोबर २०२४ मध्ये, म्हणजे हॉल अहवालानंतर साठ वर्षांनी संमत झाला. त्याच्या पहिल्या टप्प्यात मधुमेहावरची औषधे आणि संततिप्रतिबंधक साधने एवढीच आली आहेत, आणि तीही ज्या प्रांतांनी मध्यवर्ती सरकारशी करार केला त्यांच्यापुरती.